ज्याने हात दिला त्याची लाँच

कुशाबा तोडणकरला पोहता येत नाही, ही गोष्ट भाऊच्या धक्क्यावर शेंगदाणेवाल्यापासून हवालदारापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. तरीही समुद्रापलीकडे उरणच्या मोऱ्याला जाणाऱ्या बायका लाँचमध्ये पाय टाकण्याआधी सुकाणूवर कोण आहे ते बघून घ्यायच्या, आणि कुशाबा दिसला की टोपल्या खाली ठेवून निवांत पान लावायला घ्यायच्या. मूळ गाव मालवणजवळचं, घराणं दर्यावर्दी भंडाऱ्यांचं, पण जन्म काळाचौकीच्या चाळीत. बाप गिरणीत साचेखात्यात. त्यामुळे लहानपणी पाण्याशी संबंध आला तो सकाळी नळावर कळशी घेऊन उभं राहण्यापुरता. अशा माणसाने पुढचं सगळं आयुष्य समुद्रावर काढावं आणि एकाही पाशिंजराचा पाय भिजू देऊ नये, हे नवलच म्हणायचं. "पोवायला शिकलो असतो तर बेफिकीर झालो असतो," असं तो ऐटीत सांगायचा. खरं कारण वेगळं होतं. त्याला गार पाण्याची धास्ती होती. अंघोळीला बारा महिने कढत पाणी लागतं, असं त्याची बायको शेवंती सांगते, आणि तिच्यावर अविश्वास दाखवायचं काही कारण नाही.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा कुशाबाला नुकतं मिसरूड फुटलं होतं. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत बाप रोज डबा घेऊन नाक्यापर्यंत जायचा आणि तसाच परत यायचा. शेवटी चाळीतल्या एका भल्या माणसाने कुशाबाला धक्क्यावर नेऊन हसन नाखवांच्या पुढ्यात उभं केलं. नाखवा लाँचचे मालक होते. पांढरी दाढी, पांढरा सदरा, आणि आवाज असा की भोंग्याची गरजच पडू नये.

"पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"लाट लागते? ओकारी होते?"

"अजून बसलोच नाही लाँचमध्ये."

"खोटं बोलत नाहीस. उद्यापासून ये."

तेवढ्यावर नोकरी लागली.

लाँचचं नाव तेव्हा 'बरकत' होतं. सागवानी अंगाची, पोटाने ऐसपैस, चालायला संथ. मधोमध पाशिंजरांची बाकं, वर ताडपत्री, पोटात इंजिन आणि पुढे उंचावर सारंगाची केबिन. सारंग म्हणजे लाँच चालवणारा. त्याला इंजिन दिसत नाही आणि इंजिनवाल्याला समुद्र दिसत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये एक दोरी असते आणि दोरीच्या टोकाला इंजिनापाशी पितळी घंटा. सारंगाने वरून दोरी ओढायची आणि खालच्याने टोले ऐकून इंजिन पुढे घ्यायचं, मागे घ्यायचं किंवा थांबवायचं. त्या इंजिनावर गुणाजी नावाचा कुशाबाच्याच वयाचा गडी होता. इंजिनाच्या धडधडाटात बसून बसून पुढे गुणाजीला बायकोची हाक ऐकू येईनाशी झाली, पण ती घंटा मात्र त्याला कधी चुकली नाही. बायकोने यावरून काढायचा तो अर्थ काढलाच.

कुशाबाचं काम खलाशाचं. दोर टाकायचा, फळी लावायची आणि पाशिंजराला हात द्यायचा. यातलं शेवटचं काम सगळ्यात सोपं वाटतं आणि तिथेच भले भले फसतात. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या. भरतीला लाँच वर, ओहोटीला खाली, आणि घडीभर एका जागी उभी राहील तर शपथ. पहिल्याच दिवशी कुशाबाने एका शाळामास्तरांना असं खेचून घेतलं की मास्तर लाँचमध्ये आले आणि त्यांची एक चप्पल समुद्रात गेली. मास्तर एका पायात चप्पल घालून उरणच्या शाळेत गेले. संध्याकाळी नाखवांनी कुशाबाला बाजूला घेतलं.

"हात ओढायचा नसतो, ठेवायचा असतो," ते म्हणाले. "धरायचा कसा, कधी, ते त्याचं त्याला ठरवू दे. तू फक्त हलू नको."

कुशाबाने हे इतकं मनावर घेतलं की वर्षभरात धक्क्यावरचे दुसरे खलाशी त्याच्याकडे बघायला येऊ लागले. कोळीण आली तर आधी टोपली घ्यायची आणि मग तिला. पोटुशी बाई आली तर बोटं धरायची नाहीत, कोपराखाली तळवा ठेवायचा. म्हातारा ताठ्यातला असेल तर हात पुढे करायचाच नाही. नुसता खांदा त्याच्याजवळ न्यायचा, म्हणजे तो आपण होऊन धरतो आणि मानही राहतो. हे कुणी त्याला शिकवलं नाही. ज्याला दुसऱ्याच्या मानाची किंमत कळते त्याला हे असलं आपोआप सुचतं, आणि कुशाबा तसा होता.

काही वर्षांनी नाखवांची मुलं आखातात स्थिरावली आणि त्यांनी बापाला बोलावून घेतलं. लाँच विकायची ठरली. घेणारी होती मोऱ्याची कमळाबाई, मासळीच्या धंद्यात मुरलेली विधवा कोळीण. कागद झाले, मिठाई वाटली, तरी नाखवा चावी देईनात. आमच्या घरची एक रीत आहे, म्हणाले. नवा मालक पहिल्या खेपेला फळीपाशी उभा राहतो आणि चढणाऱ्या, उतरणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने हात देतो. शेवटचा माणूस उतरला की लाँच त्याची. तोवर जुन्याची.

"ज्याने हात दिला त्याची लाँच. आणि हात नीट दिला की नाही हे लाँचवरचा माणूस सांगेल," असं म्हणून त्यांनी कुशाबाकडे बोट दाखवलं. तेवढ्याशा बोटाने खलाशी कुशाबा एकदम पंच होऊन बसला, आणि ते पद त्याने आयुष्यभर सोडलं नाही.

कमळाबाईने पदर खोचला आणि फळीपाशी उभी राहिली. बायका हसत हसत चढल्या. पुरुषांची मात्र पंचाईत झाली. चारचौघांत बाईचा हात कसा धरायचा म्हणून पहिला जो अडला त्याच्यामागे सगळी रांग अडली.

"धर ना रं हात!" कमळाबाई कडाडली. "लगीन नाय लावत तुझ्याशी!"

धक्का हसून हसून लोळला आणि रांग सुरळीत चढली. मोऱ्याला शेवटचा माणूस उतरला तसं नाखवांनी कुशाबाकडे पाहिलं. कुशाबाने मान हलवली. नाखवांनी चावी कमळाबाईच्या ओटीत टाकली, लाकडावरून एकदा हात फिरवला आणि मागे न बघता निघून गेले.

कमळाबाईने लाँच लाल-पिवळी रंगवली आणि नाव ठेवलं 'एकवीरा'. जुना सारंग थकून गावी गेला तेव्हा तिने कुणाला न विचारता कुशाबाला सुकाणूवर बसवलं. "तुला पोवता येत नाय ना? मंग तू लाँच बुडवायचा नायस," हे तिचं तर्कशास्त्र. कुशाबाने त्या दिवसापासून केबिनच्या दारात चपला काढायला सुरुवात केली, आणि त्याचं बघून गुणाजी, खलाशी, खुद्द कमळाबाईसुद्धा केबिनमध्ये अनवाणी येऊ लागली.

त्याच्या हातात काय होतं ते श्रावण सरता सरता कळायचं. लालबाग-परळच्या कारखान्यांतून घडवलेले गणपती उरणच्या गावांना याच लाँचमधून जायचे. मूर्तिकार मूर्ती पोचवायला धक्क्यापर्यंत यायचे आणि "सारंग, सोंड सांभाळा हां" असं बजावून जायचे. कुशाबा मूर्ती केबिनजवळ बसवायचा, तोंड पुढे करून. वाटेत एखादं मोठं जहाज गेलं की त्याच्या मागे लाटांची रांग उठते. ती आडवी अंगावर आली तर बाकावरचा माणूससुद्धा घरंगळतो. कुशाबा ती लांबून हेरायचा, दोरी ओढून गुणाजीला इंजिन मंद करायला लावायचा आणि लाँचचं नाक अलगद लाटेवर धरायचा. लाँच एकदा वर, एकदा खाली, आणि देव जागच्या जागी. इतक्या वर्षांत त्याच्या लाँचमधून गेलेल्या एकाही गणपतीचं बोट दुखावलं नाही. पलीकडच्या गावांतले लोक मूर्ती घेऊन धक्क्यावर ताटकळत बसायचे, दुसरी लाँच समोर सुटली तरी चढायचे नाहीत.

पुढे कमळाबाईचे मुलगे पलीकडच्या बंदरात क्रेनवर लागले. तिचे गुडघेही बोलायला लागले होते. लाँच पुन्हा विकायला निघाली आणि या वेळी गिऱ्हाईक आलं ते थेट गिरगावातून. चिंतामणी कर्णिक. विम्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला, अत्यंत सज्जन आणि व्यवहाराला अगदीच कच्चा माणूस. "जन्मभर चौपाटीवरून समुद्र बघितला. आता समुद्रावरून मुंबई बघायची आहे," एवढ्यासाठी त्यांनी लाँच घेतली. त्यांच्या पत्नी नलूताई धक्क्यावर उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "लोक निवृत्त झाले की काशीला जातात, आमचे हे मोऱ्याला." त्यांची समजूत काढायला चिंतामणींनी लाँचचं नाव 'नलिनी' ठेवलं. त्यावर नलूताई आणखीच बिघडल्या. एवढ्या लठ्ठ बोटीला माझंच नाव सुचलं का, हा त्यांचा प्रश्न.

रीतीप्रमाणे चिंतामणी फळीपाशी उभे राहिले. चौथ्या-पाचव्याच कोळणीला त्यांनी आधी हात दिला आणि टोपली विसरले. टोपली कलंडली. बोंबलांचा अभिषेक इस्त्रीच्या सदऱ्यावर झाला. धक्क्यावरचे सगळे श्वास रोखून बघत होते, आता हा भला माणूस घरी जाणार म्हणून. चिंतामणींनी खिशातून एक बोंबील काढून टोपलीत टाकला, "माफ करा हं बाई, आधी टोपली घ्यायची असते वाटतं," म्हणाले आणि पुढच्या बाईची टोपली घ्यायला वाकले. कुशाबाने मनातल्या मनात तिथेच शिक्का मारला.

त्यानंतर चिंतामणी आलेपाकाची पुडी घेऊन जमेल तेव्हा यायचे, लाट लागून हिरवे-पिवळे व्हायचे, आणि तरीही फळीपाशी उभं राहून हात द्यायचे. "कुशाबा, तुम्हाला सांगतो, कचेरीत मी हजारो सह्या केल्या, पण कुणाचा हात हातात घेतला नव्हता," असं ते एकदा म्हणाले होते. कुशाबाला मालक बरेच भेटले, पण माया जडली ती याच माणसावर. ते वारले तेव्हा तो गिरगावात जाऊन आला.

लाँच नातवाकडे आली. सौमित्र वाईट मुलगा नव्हता. संगणकावरच्या कामात गुंतलेला, दसऱ्याला न चुकता हार घेऊन येणारा, "कुशाबाकाका" म्हणून वाकून नमस्कार करणारा. पण त्याने फळीपाशी उभं राहून कधी कुणाला हात दिला नाही, त्यामुळे कुशाबाच्या लेखी लाँच अजून चिंतामणींचीच होती. त्यातच दिवस फिरले. शिवडीहून थेट पलीकडे जाणारा पूल झाला, उरणपर्यंत रेल्वे गेली. मास्तर मंडळी, कचेरीवाले एकेक करून तिकडे वळले. त्यांना दोष कोण देणार? राहिल्या त्या टोपलीवाल्या बायका आणि काही हट्टी म्हातारे. इंजिनाची दुखणी वाढली, लाकूड पाणी प्यायला लागलं. सौमित्रने दोन वर्षं पदरमोड करून डागडुजी केली आणि मग एका सकाळी तो धक्क्यावर आला, कुशाबाच्या शेजारी पायरीवर बसला.

"काका, मी विकतोय."

"कोणाला?"

"दारूखान्यात. राजाराम शिर्के म्हणून आहेत."

दारूखाना कुठे आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. कॉटन ग्रीनच्या गोदामांपलीकडे, त्याच्या चाळीपासून चालत जाण्याइतका जवळ. म्हाताऱ्या बोटी तिथे किनाऱ्याला लावतात आणि तोडतात. वारा तिकडचा असला की हातोड्यांचे आवाज काळाचौकीत घरात ऐकू यायचे.

"मी प्रयत्न केला काका," सौमित्र म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते हे कबूल केलं पाहिजे. "चालवायला कोणीच घेत नाहीये."

"मला बघू दे," कुशाबा म्हणाला.

त्याने बघितलं. धक्क्यावरच्या प्रत्येक लाँचमालकाकडे गेला, रेवसला गेला, करंज्याला गेला. जो माणूस स्वतःसाठी कधी कुणापुढे वाकला नाही तो लाँचसाठी लोकांच्या दारात बसून राहिला. सगळ्यांनी चहा दिला, सगळ्यांनी लाँचचं कौतुक केलं, आणि सगळ्यांनी हात जोडले. शेवटी तो मोऱ्याला कमळाबाईकडे गेला. ती खाटेवर पाय सोडून बसली होती.

"कुशा, मला माझाच जीव ओढवत नाय रं आता," ती म्हणाली. "लाँच कशी ओढू?"

राजाराम शिर्के लाँच बघायला आला तो चिखलाचे बूट घालून. आडव्या अंगाचा, मऊ आवाजाचा माणूस. तो बाकांमधून फिरला, हातातल्या दांड्याने लाकूड ठोकून बघत बघत पुढे गेला आणि बूट न काढता सरळ केबिनमध्ये शिरला. कुशाबाच्या कपाळाची शीर ताडकन उडाली.

"माल चांगलाय," राजाराम म्हणाला. "सागवान कडक आहे अजून. सारंग, पुनवेच्या भरतीला आणून द्या. उधाणाचं पाणी असलं की डायरेक्ट वर चढेल."

"आमच्याकडे रीत आहे," कुशाबा म्हणाला, आणि ती सांगितली.

राजारामने शांतपणे ऐकून घेतली. टिंगल केली नाही. "पाशिंजर कुठून आणू सारंग? माझ्याकडे जे येतं ते तुटायलाच येतं. कागद तर झालाय ना?"

"कागद झाला असेल. लाँच तुमची नाय झाली. आणि मी आणून देणार पण नाय, दुसरा सारंग बघा."

हे सगळं त्याने संध्याकाळी जेवताना शेवंतीला तावातावाने ऐकवलं. ती भाकरी थापत होती. चाळीत बालपण, चाळीतच संसार, पण रागावली किंवा लाडात आली की ती मालवणीतच बोलायची.

"दुसरो कोण नेतलो तिका?" तिने विचारलं.

"नेऊ दे कोणी पण."

"आणि त्याने खडकावर घातल्यान तर? इतकी वर्सां तिका तुमी सांभाळलात, आणि आता परक्याच्या हातात सोडतलात?" तिने भाकरी त्याच्या ताटात टाकली. "घोवाचो राग पोरांवर काढतत तसो त्या शिर्क्याचो राग लाँचीवर काढू नकात."

कुशाबाने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तिथपर्यंत मी नेईन. पण हवाली करायचा नाय. मी उतरून येईन, ती त्याची होवची नाय." शेवंतीने यावर काही वाद घातला नाही. जेवढं मिळवायचं तेवढं तिने मिळवलं होतं.

शेवटची खेप पुनवेच्या आदल्या दिवशी झाली. धक्क्यावर बातमी आधीच पसरली होती. फळी लावली, आणि खलाशी हात पुढे करणार तोच कुशाबा केबिनमधून खाली उतरला. अनवाणी. त्याने खलाशाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला केलं आणि स्वतः फळीपाशी उभा राहिला. का उभा राहिला, हे त्यालाही तेव्हा सांगता आलं नसतं. सुकाणू हातात आल्यापासून त्याने कुणाला हात दिला नव्हता. पण हात विसरला नव्हता. आधी टोपली, मग कोळीण. कोपराखाली तळवा. एक ताठ्यातले म्हातारे आले, त्यांच्याजवळ त्याने नुसता खांदा नेला आणि त्यांनी तो धरला.

त्या दिवशी मुंबईत डॉक्टरला दाखवून परत निघालेली कमळाबाईही लाँचवर होती. मोऱ्याला ती सगळ्यांत शेवटी उतरली, दोन्ही हातांनी कुशाबाचा हात धरून, एकेक पाय टाकत. धक्क्यावर टेकल्यावर तिने हात सोडला नाही.

"सगळ्यांना तूच दिलास ना रं हात?"

"हो."

"मंग आता तुझीच की ही," कमळाबाई म्हणाली.

कुशाबाला हसू आलं आणि लगेच रडू आलं. इतक्या मालकांना पारखणाऱ्या या पंचाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. तो परत केबिनमध्ये चढला, दोरी ओढली, खाली घंटा वाजली, आणि रिकाम्या बाकांची ती लाँच घेऊन तो मुंबईकडे निघाला तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मालकीच्या लाँचमध्ये उभा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी टम्म फुगलं. गुणाजी इंजिनावर, कुशाबा वर, तिसरं कुणी नाही. धक्का सुटला, डाव्या हाताला गोदामं, गंजलेल्या बोटींचे सांगाडे मागे पडत गेले. दारूखान्याच्या चिखलाच्या किनाऱ्यावर राजारामची माणसं दोर घेऊन उभी होती. कुशाबाने जागा हेरली, दोरी ओढून इंजिन जोरात घ्यायला लावलं आणि ऐन वेळी थांबवलं. लाँच आपल्या वेगाने पुढे गेली आणि गणपती घेऊन जाताना जशी लाटेवर चढायची तशीच अलगद चिखलावर चढली. केबिनमधला पाण्याचा तांब्याही कलंडला नाही. किनाऱ्यावरचा एक तोडकाम करणारा कारागीर आपसूक "वा!" म्हणून गेला.

इंजिन बंद झालं. कुशाबाच्या कानांना ती शांतता सहन होईना.

खालून फळी लावली होती. एक टोक लाँचच्या नाकावर, एक चिखलात, तेलाने बरबटलेली, निसरडी. गुणाजी आधी उतरायला लागला. मधेच त्याचा पाय घसरला तसा राजाराम घोटाभर चिखलात पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. गुणाजीने तो धरला आणि उतरला. बिचाऱ्या बहिऱ्या गुणाजीच्या मनात दुसरं काही नव्हतं. कुशाबाने मात्र वरून पाहिलं आणि तो जागच्या जागी थांबला.

आता लाँचवर एकच माणूस उरला होता.

राजारामने गुणाजीला सोडलं आणि हात वर कुशाबाकडे केला. त्याला रीत आठवत होती की नव्हती कोण जाणे; एक म्हातारा माणूस निसरड्या फळीवरून उतरतोय एवढंच त्याला दिसत असावं. कुशाबाचे पाय अजून धड होते. तो त्या हाताकडे न बघता उतरू शकला असता, वेळ पडली तर चिखलात उडी मारू शकला असता. मग लाँच कायमची त्याचीच राहिली असती, आणि राजारामने तोडलं असतं ते दुसऱ्याचं.

तो फळीवर आला. राजाराम हलत नव्हता. त्याने हात ओढायला पुढे केला नव्हता, नुसता ठेवला होता, तळवा वर करून. खूप वर्षांपूर्वी हसन नाखवांनी दाखवला होता अगदी तसा. कुशाबाने मागे वळून लाँचकडे पाहिलं. लाल-पिवळ्यावरचा निळा, त्याच्यावरचा पांढरा, जागोजागी खपल्या निघालेला रंग. हिला नाखवा मिळाले, कमळाबाई मिळाली, चिंतामणी मिळाले. शेवटच्या दिवशी हिच्यापाशी हिचा मालकच नाही असं व्हावं, हे त्याच्याने बघवलं नसतं. आणि ज्याच्या हातून ती तुटणार, त्याने परकी म्हणून तोडावी की आपली म्हणून?

त्याने हात धरला. आयुष्यभर दुसऱ्यांना उतरवलेल्या माणसाला तेव्हा कळलं की उतरताना कुणाचा हात असला की पाय किती निर्धास्त पडतो. तो चिखलात टेकला तरी घडीभर त्याने हात सोडला नाही.

"झालं," कुशाबा म्हणाला. "आता तुमची."

राजाराम आधी गोंधळला. मग त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, गुणाजीकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरून समजलं की रीत त्याला आठवली. त्याची माणसं हातोडे घेऊन फळीकडे निघाली होती. त्याने त्यांना हातानेच थांबवलं.

"आज नको," तो म्हणाला. "आज फक्त बघून येतो."

कुशाबा आणि गुणाजी गोदामांच्या बाजूने चालू लागले. वळणावर कुशाबाने एकदाच मागे पाहिलं. राजारामने चिखलाचे बूट काढून फळीखाली नीट जोडून ठेवले होते, आणि तो अनवाणी लाँचवर चढत होता.